विभाज्यता, कायद्यातील

अधिनियमाचा किंवा कराराचा एखादा भाग अवैध ठरला असता, तेवढा वगळून उर्वरित भाग अंमलात ठेवता येण्याची क्षमता. कायद्याच्या इंग्रजीतील ‘सेव्हरेबिलिटी’ ही संज्ञा तोडून वेगळे करणे या अर्थाच्या क्रियापदापासून बनली आहे. केवळ भाग पाडता येणे एवढाच अर्थ येथे अभिप्रेत नसून, एक भाग काढल्यावर उरलेला भाग स्वतंत्रपणे टिकला पाहिजे.

भारतीय संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदानुसार मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरताच शून्य होतो. मुंबई राज्य वि. बलसारा (१९५१) या खटल्यात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मधील मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविले. दारूबंदी मात्र कायम राहिली. आदल्याच वर्षी रमेश थापर यांच्या खटल्यात याउलट घडले. मुंबईत प्रसिद्ध होणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास राज्याने ज्या कलमान्वये प्रवेशबंदी केली, त्याची व्याप्ती सार्वजनिक सुव्यवस्थेपर्यंत पोहोचत होती; संविधानाने त्यावेळी भाषणस्वातंत्र्यावर दिलेली निर्बंधाची मुभा त्याहून संकुचित होती. वैध व अवैध उपयोग एकाच शब्दयोजनेत गुंतल्याने ते कलम सबंध रद्द झाले.

चमारबागवाला वि. भारत संघराज्य (१९५७) या निर्णयात कसोट्या मांडल्या गेल्या. अमुक भाग अवैध आहे हे ठाऊक असते, तरी विधिमंडळाने उरलेला कायदा केला असता काय, ही त्यांतील मुख्य कसोटी होय. हा हेतू बहुधा तर्कानेच ठरवावा लागतो, हे तिच्यातील दुबळे स्थान. भाग एकाच कलमात आहेत की वेगळ्या, याला निर्णायक महत्त्व नाही. मात्र उरलेला कायदा बदल केल्याशिवाय अंमलात आणता येत नसेल, तर तो संपूर्ण रद्द करावा लागतो. तसे न केल्यास न्यायालयच कायदा करू लागेल.

करारांत ‘एक तरतूद अवैध ठरल्यास इतरांना बाधा येणार नाही’ असे कलम सर्रास घातले जाते. पण त्याने न्यायालय बांधले जात नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २४ प्रमाणे एका किंवा अनेक उद्दिष्टांसाठी असलेल्या एकाच प्रतिफलाचा कोणताही भाग बेकायदेशीर असला, तरी करार शून्य होतो. इंग्लंडमध्ये ‘निळ्या पेन्सिलीची कसोटी’ रूढ आहे : शब्द खोडता येतात, नवे घालता येत नाहीत. टिलमन वि. एगॉन झेंडर (२०१९) या खटल्यात नोकरी सोडणाऱ्या व्यक्तीला प्रतिस्पर्धी व्यवसायाचे भाग घेण्यासही मनाई करणारे मोजके शब्द तेथील सर्वोच्च न्यायालयाने खोडले आणि बाकीचे बंधन टिकविले.