चौकट : दुचाकीवरचा तिरंगा

सुरतच्या कतारगामातून हुतात्मा जवानांसाठी दुचाकी फेरी काढायची, तर तिरंगा शोधत हिंडावं लागत नाही. सुरत हे पॉलिएस्टरचंच शहर. ध्वजसंहितेतल्या 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर तयार झालेला पॉलिएस्टरचा ध्वजही चालतो. अडचण पुढे आहे. ध्वजसंहितेनुसार मोटारीवर राष्ट्रध्वज लावण्याचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा मोजक्या पदांनाच आहे. शिवाय कोणत्याही वाहनाच्या टपावर, बाजूंवर वा मागे तो पसरता येत नाही. गाडीला तिरंगा गुंडाळून फोटो काढणाऱ्या हौशींनी हे जरूर वाचावं! फेरीतही दुचाकीवर मागे बसणारा एकच आणि हेल्मेट दोघांनाही : मोटार वाहन कायदा, कलम 128 व 129.

अशा फेरीची सैन्याची रीत वेगळी, शिस्तीची. कारगिल विजयाच्या पंचविसाव्या वर्षी, जून 2024 मध्ये, दिंजान, द्वारका आणि धनुष्कोडीहून प्रत्येकी आठ दुचाकीस्वार निघाले, दिल्लीत एकत्र आले आणि तिथून द्रासकडे गेले. वॉशिंग्टनमधली ‘रोलिंग थंडर’ फेरी 1988 मध्ये सुरू झाली, ती मात्र मागणी घेऊन : व्हिएतनाम युद्धातले कैदी आणि बेपत्ता सैनिक यांचा हिशेब द्या.