शिक्षणखर्चाची करसवलत कोणासाठी?

पाल्याच्या शिक्षणावरील खर्च हा चैनीचा खर्च नव्हे, तेव्हा त्यावर कर नसावा, ही नोकरदार वर्गाची जुनी मागणी आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील ‘८०-सी’ या कलमाने ती अंशतः मान्यही केली. दोन अपत्यांच्या पूर्णवेळ शिक्षणाचे शुल्क उत्पन्नातून वजा करता येऊ लागले. देणगी व विकासनिधी मात्र वगळले गेले. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा, गृहकर्जाची मुद्दल आणि हे शुल्क या साऱ्यांना मिळून मर्यादा एकच. २०१४ साली ती दीड लाख रुपये झाली. ज्याची मर्यादा निर्वाह निधीनेच भरते, त्या प्राध्यापकास फीची पावती जोडल्याचे समाधान तेवढे लाभते!

याहून गंभीर दोष निराळाच आहे. एक लाख रुपये शुल्क भरणाऱ्या, ३० टक्क्यांच्या टप्प्यातील पित्याचे ३० हजार रुपये वाचतात. २० टक्क्यांच्या टप्प्यातील पित्याचे २० हजार. जो आयकर देतच नाही, त्याचे काहीच नाही. म्हणजे गरज जेवढी कमी, तेवढे साहाय्य अधिक. हिंगणघाटच्या बाजारात कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याचे शेतीउत्पन्न करमुक्त आहे आणि जिनिंगमधील मजुराची मिळकत करमर्यादेपर्यंत पोहोचत नाही. त्यांची मुले वर्धा-नागपुरास अभियांत्रिकीला जातात, तेव्हा ‘८०-सी’ त्यांच्या उपयोगी पडत नाही.

२०२० साली आलेल्या नव्या करपद्धतीत ही वजावट नाही आणि २०२३-२४ पासून तीच पद्धती मूळ मानली जाते. २०२५-२६ पासून तीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर करही नाही. तेव्हा वजावट पुन्हा आणा, या मागणीत प्रस्तुत लेखकास अर्थ दिसत नाही.

साहाय्य थेटच हवे. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षणशुल्क मिळते. २०२४ साली राज्य शासनाने याच उत्पन्नमर्यादेतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. हा मार्ग योग्य आहे. अडचण वेळेची आहे. प्रवेश होतात पावसाळ्यात, जेव्हा शेतकऱ्याचा पैसा बी-खतांत अडकलेला असतो. कापसाचा पैसा येतो दिवाळीच्या आसपास आणि शिष्यवृत्ती कित्येकदा त्याहूनही उशिरा. मधल्या काळात सावकार भेटतो. शासनाने आपल्या वाट्याचे शुल्क पहिल्या सत्रातच महाविद्यालयांकडे वर्ग करावे आणि प्रवेशाच्या खिडकीवर ते पालकाकडून आगाऊ मागण्यास सक्त मनाई असावी.