नवरंग, अंधुक उजेड आणि सहा मीटर

पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग दक्षिणेकडून मध्य भारतात विणीसाठी येतो आणि भंडाऱ्याच्या साग-बांबूच्या रानात त्याची दोन सुरांची शीळ घुमू लागते. ती जास्त ऐकू येते पहाटे आणि सांजवेळी. तमिळमध्ये तर त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचंच नाव आहे. मैनेहून लहान असा हा पक्षी झुडपांखालचा पालापाचोळा उलथत किडे शोधतो. ढगाळ सकाळी तिथे उघड्या माळावरच्या उन्हाचा शंभरावा भाग उजेड मिळाला तरी पुष्कळ. नवशिक्याचा फोटो इथेच काळा किंवा हललेला येतो आणि तो मोठ्या लेन्सचे भाव विचारू लागतो. माझ्या मते त्याने आधी विचार करावा तो पक्ष्यापासूनच्या अंतराचा.

हिशेब साधा आहे. सुरुवातीला बहुतेकांकडे ३०० मिलिमीटरची, एफ ५.६ ची झूम लेन्स असते. तेवढ्याच लांबीची एफ २.८ ची लेन्स चौपट उजेड आत घेते, पण तिची किंमत लाखांत जाते. आता जुन्याच लेन्सने बारा मीटरऐवजी सहा मीटरवरून फोटो घेतला, तर पक्ष्याची प्रतिमा लांबीला दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट होते. म्हणजे तेवढ्याच वेळात त्या पक्ष्याकडून सेन्सरवर चौपट उजेड जमा होतो. कुणी म्हणेल, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर तर दोन्ही ठिकाणी तोच आकडा दाखवतो. खरं आहे, प्रत्येक ठिपक्याला मिळणारा उजेड बदलत नाही, मात्र पक्षी चौपट ठिपक्यांवर पसरतो. लांबचा फोटो कापून मोठा केला की पक्ष्याबरोबर त्यातले रवे, म्हणजे नॉइजही, मोठे होतात, जवळच्या फोटोत ती पाळीच येत नाही. रव्यांच्या भीतीने अनेक जण आयएसओ ४०० च्या वर नेत नाहीत, ही दुसरी चूक. रवे येतात ते उजेड कमी असल्यामुळे. काळा फोटो घेऊन संगणकावर उजळला तरी ते दिसतातच, अनेकदा जास्तच. बसलेल्या पक्ष्यालाही शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग तरी हवा. त्यासाठी आयएसओ ३२०० किंवा ६४०० करावा लागला तर बिनधास्त करावा. लेन्समधलं स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप सावरतं, पक्ष्याने मान वळवली तर ते काही करू शकत नाही. रवेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे: जवळ जाणं म्हणजे पक्ष्याला त्रास देणं. तो मला पूर्ण मान्य आहे, म्हणून जवळ जायचंच नाही, बसून राहायचं. कोका किंवा नागझिरा अभयारण्यात गाडीतून उतरता येत नाही आणि पावसाळ्यात जंगल सफारी बंद असते. पण भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने घडवलेल्या मालगुजारी तलावांच्या पाळी, धानाच्या बांधीलगतच्या बोड्या म्हणजे छोटी तळी, त्यांच्या कडेची झुडपं इथे छोटे पक्षी रोज येतात. झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून, अंग न हलवता अर्धा तास बसलं की माशीमार पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर परततो; अंतर तोच कमी करतो. मोबाइलवर शीळ वाजवून पक्षी ओढून आणणं मात्र वर्ज्य. नर तिला प्रतिस्पर्ध्याची हाक समजतो आणि चारा टिपायचं सोडून भांडायला येतो, तेही ऐन विणीत. घरट्याजवळ तर कॅमेरा काढूच नये.

जवळच्या फोटोची एक अडचण उरतेच. सहा मीटरवर, या लेन्सने, पुढून मागे जेमतेम नऊ सेंटीमीटरचा पट्टाच नेमका येतो, एफ २.८ ला त्याच्याही निम्मा. नवरंग चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण एकोणीस सेंटीमीटर. त्यामुळे फोकस डोळ्यावर ठेवून तो आडवा वळेपर्यंत थांबावं लागतं.