पदरचे पैसे लावणारा जुगारी

2020च्या फेब्रुवारीत गी लालिबर्तेने आपण उभ्या केलेल्या ‘सर्क दु सोलेई’ या सर्कशीतला उरलेला 10 टक्के हिस्सा विकला. महिन्याभरात करोनाने सर्कशीचे जगभरातले खेळ बंद पडले, 95 टक्के कर्मचारी घरी बसले आणि जूनमध्ये कंपनी धनकोंपासून संरक्षण मागायला कोर्टात गेली. जुगाऱ्याने वेळ बरोबर साधली, एवढंच म्हणून मोकळं होणं सोपं आहे. हिशेब मात्र वेगळं सांगतो.

सुरुवातीची कथा सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे: क्वेबेकच्या रस्त्यांवर अकॉर्डियन वाजवणारा, तोंडाने आग ओकणारा पोरगा, 1984मध्ये प्राण्यांविना सर्कस, 1987मध्ये परतीच्या खर्चाची सोय नसताना लॉस एंजेलिसला नेलेला तंबू, आणि मग लास व्हेगास.

खरी गंमत 2007पासूनची. बेलाजिओ हॉटेलात त्याचा पाण्यावरचा ‘ओ’ हा खेळ 1998पासून चालू होता. त्याच हॉटेलात वर्ल्ड पोकर टूरच्या स्पर्धेत तो चौथा आला आणि 6,96,220 डॉलर घेऊन गेला. त्याच वर्षी ‘हाय स्टेक्स पोकर’ या टीव्ही कार्यक्रमात फ्रेंच व्यावसायिक खेळाडू डेव्हिड बेन्यामिनशी त्याची गाठ पडली. पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, 12 लाख डॉलरच्या वर गेला. पानं लालिबर्तेची वरचढ होती, दोन पत्ते उघडायचे बाकी होते. त्याने पुढचे पत्ते उघडूच दिले नाहीत. दोघांनी सगळं लावण्याआधी पॉटमध्ये जमलेले 2,38,900 डॉलर तेवढे घेतले आणि बाकीचे ज्याचे त्याला परत केले. ऑनलाइन टेबलांवर मात्र हाच माणूस दोन-तीन कोटी डॉलर हरल्याचे अंदाज आहेत. 2009मध्ये तो लाल नाक लावून अंतराळ स्थानकात गेला. 2012मध्ये 10 लाख डॉलर प्रवेश शुल्काची स्पर्धा त्याने पाण्यासाठी काम करणाऱ्या आपल्या ‘वन ड्रॉप’ संस्थेकरता भरवली. 48 जण बसले, संस्थेला 53 लाखांवर डॉलर मिळाले. यजमान स्वतः पाचवा आला.

इतकं उधळूनही सर्कस उभी होती.

2015मध्ये सूत्रं अमेरिकेच्या टीपीजी या गुंतवणूक कंपनीकडे गेली, जोडीला चीनची फोसुन. ती त्यांच्या हाती दिली लालिबर्तेनेच, हा दोष त्याच्या माथी राहतोच. पुढे ब्लू मॅन ग्रुपसारख्या कंपन्या विकत घेण्याचा सपाटा लागला. 2018च्या नोव्हेंबरात ‘बझार’चा पहिला खेळ मुंबईत झाला, तेव्हा तंबूतल्या रोषणाईमागे कर्जाचा डोंगर होता, 2020पर्यंत तो 90 कोटी डॉलरच्या घरात गेला. तिकिटं विकली गेली तरच हप्ते निघणार, असा तो डाव. एक साथ आली आणि तो उधळला.

2020च्या मे महिन्यात लालिबर्तेने सर्कस परत घेण्याची तयारी बोलून दाखवली होती. नोव्हेंबरात ती धनकोंच्या ताब्यात गेली. टीपीजीवाल्यांना तेव्हाही कुणी जुगारी म्हटलं नाही.