‘संदर्भित’ या शेऱ्यानंतर

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक होती. मी तेव्हा समितीवर होतो. जुने इतिवृत्त शोधताना कपाटातून आरोग्य तपासणीचे रजिस्टर निघाले. लोक जमायला वेळ होता, म्हणून ते चाळत बसलो. नाव, इयत्ता, वजन, उंची, डोळे, दात आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. बहुतेकांपुढे ‘निरोगी’. तिसरीतल्या एका मुलीपुढे मात्र लिहिले होते : ‘हृदयात आवाज. संदर्भित.’ पुढच्या वर्षीचे पान उलटले. तीच मुलगी चौथीत, डॉक्टरांचे अक्षर वेगळे, शेरा तोच. पाचवीतही तोच.

‘संदर्भित’ म्हणजे पुढच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवले. मुख्याध्यापकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “चिठ्ठी दिली होती पालकांना.” ते खोटे बोलत नव्हते. नंतर मुलीच्या घरी गेलो, तर आईने पत्र्याच्या डब्यातून तिन्ही चिठ्ठ्या काढून दाखवल्या. रेशनकार्डाबरोबर नीट घडी घालून ठेवलेल्या होत्या. सरकारी कागद जपून ठेवायचा असतो एवढे तिला माहीत होते. त्यावर काय लिहिले आहे आणि तो घेऊन कुठे जायचे, हे कोणी सांगितले नव्हते.

तेव्हापासून मी हा विषय वाचतो आहे. शिक्षणाने मी ना डॉक्टर, ना शिक्षक. शासन निर्णय, जुने अहवाल आणि गावोगावची रजिस्टरे, जे मिळेल ते वाचत गेलो. शाळकरी मुलांसाठी काही सोयीच नाहीत, असे गृहीत धरून मी सुरुवात केली होती. ते चूक निघाले.

सोयी पुष्कळ आहेत. त्यात सर्वांत मोठी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी 2013 मध्ये त्याची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा. त्यासाठी फिरती पथके : एक पुरुष व एक स्त्री असे दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. जन्मजात व्यंगे, पोषणातल्या कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब अशा चार गटांतले दोष व आजार शोधायचे असतात. दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, मोतीबिंदू, कमी ऐकू येणे, हृदयातले छिद्र, संधिवाताने होणारा हृदयविकार हे सगळे त्यात येते. पथकाला काही सापडले, की मूल ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात आणि गरज पडल्यास तिथल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे ‘डीईआयसी’त जाते. उपचार मोफत, शस्त्रक्रियासुद्धा.

कागदावर ही साखळी पूर्ण आहे. ती तुटते शाळेच्या फाटकापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतच्या अंतरात. पथकाचे काम तपासण्याचे, ते त्यांनी केले. शाळेचे काम चिठ्ठी देण्याचे, तेही झाले. रुग्णालयाचे काम येईल त्याला बघण्याचे. मूल आलेच नाही, तर ते आले नाही हे रुग्णालयाला कळणार कसे? त्या अंतरात आई-वडिलांची एका दिवसाची मजुरी आहे, एसटीचे भाडे आहे, ‘खेळते-बागडते आहे की पोर’ असा दिलासा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न आणखी वेगळा. दिवाळीच्या सुमारास ती गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. मधल्या काळात पथक आले, तर त्या मुलांपुढे ‘गैरहजर’ लागते, आणि गैरहजर मूल बहुधा थेट पुढच्या वर्षी तपासले जाते.

हा प्रश्न आजचा नाही, हे जुन्या पुस्तकांतून कळत गेले. भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी 1909 मध्ये बडोदा शहरात झाली. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. मला या दोन गोष्टींचा क्रम महत्त्वाचा वाटतो. मूल शाळेत पाठवलेच पाहिजे असे सांगितले, की त्या मुलाला फळा दिसतो का, हे बघण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते. इंग्लंडमध्ये 1907 च्या कायद्याने शाळांतली वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली, पण उपचाराचे तसे बंधन घातले नाही. नुसत्या तपासणीने काही साधत नाही हे ओळखून मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या भगिनींनी 1908 मध्ये लंडनच्या बो भागात शाळकरी मुलांसाठी दवाखाना काढला आणि दोन वर्षांनी तो डेप्टफर्डला नेला. आपल्याकडे 1946 च्या भोर समितीने शालेय आरोग्यसेवा जवळपास नाहीच, असे नोंदवले. 1960 मध्ये रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली खास या विषयासाठी समिती नेमली गेली, तिचा अहवाल पुढच्या वर्षी आला. त्यानंतरच्या योजनांची नावे बदलत गेली. शेऱ्याचा रकाना मात्र तसाच राहिला.

सगळेच काही डॉक्टरांवर अवलंबून नाही. डोळ्यांचे उदाहरण घ्या. तक्ता भिंतीवर लावायचा, 6 मीटरवर खडूने रेघ मारायची, मुलाने एक डोळा तळहाताने झाकायचा. झाकायचा, दाबायचा नाही. दाबला, तर त्या डोळ्याने पुढे काही वेळ धूसर दिसते आणि निष्कर्ष चुकतो. अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या ‘ई’चा तक्ता असतो, मुलाने बोटांनी दिशा दाखवायची. हे काम शिक्षक करू शकतात. ज्यांना ठरलेली ओळ वाचता येत नाही, त्यांनाच नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे न्यायचे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्मा मोफत मिळतो. ‘लक्ष नसते’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेली किती मुले निव्वळ न दिसणारी असतील, याचा विचार मनात आला की अस्वस्थ व्हायला होते.

लोहाच्या गोळ्यांचेही असेच. आठवड्याला एक : प्राथमिकच्या मुलांना गुलाबी, मोठ्यांना निळी. निळा रंग मुद्दाम निवडलेला आहे. गरोदर बायकांना लाल गोळी मिळते, आणि तसलीच गोळी शाळेतल्या मुलींना दिली तर गावात नको त्या शंका निघतात. गोळी जेवणानंतर द्यायची. उपाशीपोटी घेतली, तर मळमळते, एक मूल ओकले की वर्गातल्या पाच-सहा जणांना तसेच वाटू लागते, आणि दुसऱ्या दिवशी गावभर विषबाधेची बातमी होते. शौचाला काळे होणे हा लोहाचा नेहमीचा परिणाम आहे, हे आधी सांगितले तर कोणी घाबरत नाही. लगेच वर चहा पिऊ नये, चहामुळे लोह अंगी लागत नाही. मी पाहिलेल्या एका शाळेत गोळ्यांची पाकिटे मुदत संपेपर्यंत कपाटात पडून होती. कारण एवढेच की वाटपाची सूचना ज्या बाईंकडे होती त्यांची बदली झाली.

सुरक्षिततेकडे वळले, तरी गोष्ट तीच आहे. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे शाळेला आग लागून 94 मुले गेली. त्या प्रकरणावरून झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. बरोबर 9 वर्षांनी, 16 जुलै 2013 ला, बिहारमधल्या छपराजवळ माध्यान्ह भोजनातून 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात कीटकनाशक होते. दोन्ही घटनांनंतर नियमावल्या आल्या, त्या शाळांच्या दप्तरात आहेत.

आपल्या राज्यात एक योजना मात्र आजही पालकांना जवळजवळ अपरिचित आहे : राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला 1,50,000 रुपये मिळतात. कायमचे अपंगत्व आल्यास त्याहून कमी, ठरलेली रक्कम. ही रक्कम 2022 च्या शासन निर्णयाने वाढवली. हप्ता भरावा लागत नाही, पण आपोआपही काही मिळत नाही. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला हे जोडून शाळेमार्फत प्रस्ताव जावा लागतो. घरात मूल गेलेले असताना पंचनाम्याची प्रत मागायला कोण जाणार? तिथे शाळेने पुढे व्हायला हवे. आणि शाळेला योजना माहीत आहे की नाही, हे समितीने विचारायला हवे.

समितीला तो अधिकार आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. आम्ही आमच्या समितीत फार काही केले नाही. दोनशे पानी वही आणली आणि ‘संदर्भित’ असलेले प्रत्येक नाव तिच्यात उतरवले. पुढे रकाने आखले : कुठे पाठवले, कोणत्या तारखेला गेले, सोबत कोण गेले, डॉक्टर काय म्हणाले, पुन्हा कधी जायचे. दर बैठकीत पहिला विषय हीच वही. रिकामा रकाना दिसला, की त्या घराजवळ राहणाऱ्या सदस्याने जाऊन यायचे. मुलांना न्यायला बहुतेकदा गावातल्या आशाताईच कामी आल्या. वही मुख्याध्यापकांच्या कुलुपात राहते आणि तिच्यातली नावे बैठकीबाहेर जात नाहीत. मुलीच्या आजाराचा बोभाटा झाला तर आई-बाप पुन्हा कधी चिठ्ठी दाखवणार नाहीत.

वहीतले पहिले नाव त्या मुलीचे होते. जिल्हा रुग्णालयात तिची इको तपासणी झाली. मुलांच्या छातीतले असे बरेच आवाज निरुपद्रवी असतात, तिचा नव्हता. घशाच्या जंतुसंसर्गानंतर काही मुलांना ताप येतो, सांधे आलटून पालटून सुजतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरच उलटते. आईला आठवले, दुसरीत असताना गुडघे दुखतात म्हणून पोर महिनाभर लंगडत होती; वाढीचे दुखणे म्हणून तेल चोळले होते. झडपेतून थोडी गळती होती. उपाय साधा आहे : पेनिसिलिनचे लांब टिकणारे इंजेक्शन, दर 21 दिवसांनी, मोठी होईपर्यंत. त्याने झालेली इजा भरून येत नाही, पण प्रत्येक नव्या संसर्गाबरोबर ती वाढत जाते, ते थांबते. तिसरीत सुरू झाले असते, तर गळती किती कमी राहिली असती, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही.

आमची शाळा सातवीपर्यंतची. आठवीसाठी ती शेजारच्या गावच्या हायस्कुलात गेली, तेव्हा वहीतल्या तिच्या पानांची झेरॉक्स आणि इंजेक्शनच्या तारखांचे कार्ड घेऊन मी तिच्या वडिलांबरोबर गेलो. लिपिकाने शाळा सोडल्याचा दाखला फाइलला लावला, आधारची प्रत लावली आणि झेरॉक्स हातात घेऊन विचारले, “हे कशात लावायचे?” त्यांच्याकडे तशी फाइल नव्हती. मी म्हणालो, दाखल्यालाच टाचा.