खारपाणपट्ट्यात कुंडीतील शोभिवंत गवते

अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. येथील बऱ्याच विहिरींचे पाणी खारे आणि जमीन भारी काळी. अशा गावांत हौसेने आणलेली किंवा विक्रीसाठी वाढविलेली कुंडीतील गवतवर्गीय झाडे मे महिन्यात शेंड्याकडून करपतात. उन्हाने जळाली असे समजून आपण आणखी पाणी देतो व नुकसान वाढते. दोष बहुधा उन्हाइतकाच पाण्यातील क्षारांचा आणि मातीचा असतो.

क्षार कसे साचतात?
पाण्याची विद्युत वाहकता २ असल्यास लिटरमागे सुमारे सव्वा ग्रॅम क्षार असतात. बारा इंची कुंडीस रोज एक लिटर पाणी दिले, तर एप्रिल-मे या दोन महिन्यांत ७५ ते ८० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन मुठी क्षार कुंडीत जातात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. शेतात पावसाने ते थोडेफार धुतले जातात. कुंडीत आपणच धुवावे लागतात.

झाडांची निवड
१) वाळा : खारे पाणी व ऊन दोन्ही चांगले सोसतो. मुळे खोल जात असल्याने उंच कुंडी किंवा सिमेंटची रिकामी पोती वापरावी. मुळांना उन्हाळ्यात ताट्यांसाठी उपयोग आहेच.
२) जांभळे पेनिसेटम : आपल्या बाजरीच्या गोतातील. भरपूर ऊन लागते. फेब्रुवारीअखेर जमिनीपासून १० ते १५ सें.मी. उंचीवर छाटावे.
३) छत्री गवत : लव्हाळ्याचे भाऊबंद. ओल आवडते. कुंडीखाली ताटलीत पाणी ठेवल्यास डास होऊ नयेत म्हणून ते दर तीन-चार दिवसांनी बदलावे.
४) क्लोरोफायटम : हे गवत नव्हे, तर आपल्या ओळखीच्या सफेद मुसळीच्या कुळातील झाड आहे. क्षार अजिबात सोसत नाही. सावलीत ठेवावे व शक्यतो पावसाचेच पाणी द्यावे.

कुंडी व माती
नुसती काळी माती कधीही भरू नये. ती ओली झाली की फुगते, निचरा थांबतो. वाळली की भेगा पडून पाणी कडेने निघून जाते व मुळे कोरडीच राहतात. आम्हीही सुरुवातीस ही चूक केली व पहिल्याच उन्हाळ्यात निम्म्या कुंड्या गमावल्या. दोन भाग पोयटा माती, एक भाग जाड वाळू व एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. त्यात कुंडीमागे ५० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळावी. तळाच्या छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवावा. शेतातील माती घेताना हरळी, कुंदा व लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. नाहीतर विकलेल्या कुंडीबरोबर हे तण दुसऱ्याच्या अंगणात जाईल.

लागवड
जून-जुलैत पाऊस स्थिरावल्यावर जुने ठोंब धारदार विळ्याने फोडावे. प्रत्येक भागास तीन-चार फुटवे व मुळे असावीत. पाने १५ ते २० सें.मी. ठेवून छाटावी. लागवडीनंतर आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे.

पाणी व खत
* बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच सकाळी किंवा सायंकाळी पाणी द्यावे.
* महिन्यातून एकदा तळातून भरपूर पाणी निघेपर्यंत कुंडी धुवावी. ताटलीत उतरलेले पाणी फेकून द्यावे.
* एक चौरस मीटर छतावर १ मि.मी. पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. १० चौ.मी. टिनावरून ५० मि.मी. पावसात, गळती सोडता, ५०० लिटरपर्यंत पाणी साठविता येते. ते उन्हाळ्यासाठी झाकून राखावे.
* पावसाळ्यात १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरमागे २ ग्रॅम याप्रमाणे दर पंधरवड्यास द्यावे. मे महिन्यात रासायनिक खत देऊ नये. तेही क्षारच आहेत.

मे महिन्यात कुंड्या एकमेकींना लागून ठेवाव्यात, पश्चिमेच्या बाजूस ओले गोणपाट टांगावे.

विक्रीसाठी रोपे करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम विहिरीच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. विद्युत वाहकता २.२५ च्या वर आल्यास वाळ्यावरच भर द्यावा, क्लोरोफायटमच्या मोहात पडू नये. पहिल्या वर्षी दहा-वीस कुंड्या कराव्यात. एक उन्हाळा निभावलेला ठोंबच पुढील रोपांसाठी मातृवृक्ष म्हणून राखावा.