आग्नेयेकडे बघणाऱ्या छत्र्या

पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात एखाद्या उंच गच्चीवरून नजर टाकावी. घरांची तोंडं चारी दिशांना, पत्र्यांचे उतार मन मानेल तसे. पण टीव्हीच्या छत्र्या मात्र झाडून सगळ्या आग्नेयेकडे बघत बसलेल्या. एखादी जरा दक्षिणेला कललेली, एखादी पूर्वेला, तो कंपनीकंपनीतला फरक. पश्चिमेकडे तोंड असलेली छत्री दिसलीच, तर ती वादळात फिरली आहे आणि त्या घरातला टीव्ही बंद आहे असं खुशाल समजावं.

कारण भूगोलाचं आहे. आपल्याकडच्या डीटीएच सेवांचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, पूर्व रेखांश 83 ते 108 अंशांच्या पट्ट्यात आहेत आणि पुणे आहे 74 अंशांच्या जरा अलीकडे. म्हणजे उपग्रह आपल्या दक्षिणेलाही आणि पूर्वेलाही. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ ज्या जीसॅट-15 वरून येते तो 93.5 अंशांवर आहे. पुण्यातून पाहिलं तर तो क्षितिजापासून साधारण 59 अंश वर. नागपूरकरांना 83 अंशांवरच्या उपग्रहासाठी छत्री जवळजवळ दक्षिणेलाच करावी लागते.

बोल्ट आवळून छत्री एकदा पक्की केली की पुढे वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावत नाही. जिच्याकडे ती बघते ती वस्तू मात्र सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असते. विषुववृत्तापासून 35,786 किलोमीटर उंचीवर एका प्रदक्षिणेला 23 तास 56 मिनिटं लागतात आणि पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला नेमका तेवढाच वेळ लागतो. दोघं बरोबरीने फिरतात, म्हणून खालून पाहणाऱ्याला उपग्रह जागचा हलत नाही. याहून खाली आला तर तो आपल्या पुढे पळेल (400 किलोमीटरवरचं अंतराळस्थानक दीड तासात फेरी मारतं), वर गेला तर मागे पडेल. आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने 1945 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात हा हिशेब मांडला, तेव्हा पहिला उपग्रह सुटायला बारा वर्षं बाकी होती. अशी तीन स्थानकं समान अंतरावर ठेवली तर जवळजवळ सगळं जग प्रक्षेपणाच्या टप्प्यात येतं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या कल्पनेतल्या स्थानकांत माणसं राहणार होती. 1964 मध्ये सिन्कॉम-3 ने टोकियो ऑलिंपिकची चित्रं प्रशांत महासागरापलीकडे पोचवली, तेव्हा आत माणूस नव्हता.

घरोघर छत्र्या येण्याआधी टीव्ही म्हणजे उंचीचा खेळ होता. लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. म्हणूनच दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर चढला आणि म्हणूनच कोकणातल्या खोऱ्यांत अँटेना कितीही फिरवली तरी पडद्यावर मुंग्याच यायच्या. साठ अंश वरून येणाऱ्या लहरीला सह्याद्रीची अडचण होत नाही. नारळाच्या झावळीची होते.

छत्री बसवायला येणारा पोरगा आधी तिच्या आधाराची नळी ओळंब्यात आहे का ते बघतो. नळी तिरकी, तर पुढची सगळी मापं खोटी. मग होकायंत्रावरून अंदाजे दिशा धरायची, बोल्ट अर्धवट सैल ठेवायचे आणि छत्री केसभर केसभर सरकवत न्यायची. हातात सिग्नल मोजायचं मीटर असलं तर ठीक, नाहीतर खाली टीव्हीसमोर बसलेल्या वहिनी हेच मीटर. “आलं का?” “नाही!” “आता?” “आलं… गेलं! मागे घ्या, मागे घ्या!” हा संवाद करमणुकीचा वाटतो, पण त्यामागचं गणित कडक आहे. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. छत्रीची कड पाच मिलिमीटर सरकली की नजर एक अंश ढळते, आणि तिकडे उपग्रहाच्या अंतरावर तो एक अंश सहाशे किलोमीटरहून जास्त भरतो.

नवख्या माणसाला आणखी एक कोडं पडतं. उपग्रह 59 अंश वर आहे, मग छत्री इतकी उभी का? ती समोरच्या इमारतीकडे बघतेय असंच वाटतं. खरं तर ही छत्री पूर्ण वाडग्याचा मधला भाग नसून बाजूचा कापून घेतलेला तुकडा आहे. वरून येणाऱ्या लहरी ती तिरक्या झेलते आणि खालून पुढे आलेल्या दांड्याच्या टोकावर गोळा करते. त्यामुळे तो दांडा लहरींच्या वाटेत येत नाही आणि उभ्या छत्रीत पावसाचं पाणीही साचत नाही.

दांड्याच्या टोकाला मुठीएवढी एलएनबी असते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत दुर्लक्षित हिरो तीच. छत्री गोळा करून तिला देते ती शक्ती एका वॅटच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा कुजबुजीत स्वतःची खरखर न मिसळता ती वाढवायची, हे तिचं पहिलं काम. दुसरं काम कंपनसंख्या उतरवण्याचं. उपग्रहाकडून येणारी लहर सेकंदाला अकरा-बारा अब्ज वेळा कंप पावते. ती तशीच तारेत घातली तर थोड्याच अंतरात बरीचशी जिरून जाईल. म्हणून एलएनबी ती एक-दोन अब्जांवर आणते आणि मग ती काळ्या केबलमधून निमूट खाली उतरते. त्याच केबलमधून उलट दिशेने वीजही वर जाते: सेटटॉप बॉक्सने 13 व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या कंपनांच्या वाहिन्या घेते, 18 दिले की आडव्या. आपण रिमोटवर नुसता आकडा दाबतो.

ही छत्री इतकी लहान झाली ती वरचा उपग्रह दमदार झाला म्हणून. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वी गावी 1970च्या दशकाच्या आरंभी उभं राहिलेलं ‘विक्रम’ भूकेंद्र आठवावं. हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाशी बोलायला तिथली तबकडी जवळजवळ तीस मीटर व्यासाची लागली. 1975-76 मध्ये अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2,400 खेड्यांना वर्षभर टीव्ही दाखवला गेला, तेव्हा उपग्रहाचीच अँटेना नऊ मीटरची, अवकाशात उलगडणारी होती. त्यामुळे खेड्यात तीन मीटरची, जाळीची छत्री पुरली. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. शेती, आरोग्य, शाळा असे कार्यक्रम संध्याकाळी सार्वजनिक संचावर लागायचे. थेट घरोघरच्या टीव्हीचा पाया आपल्याकडे करमणुकीने घातला नाही, हे विसरायला नको.

करमणूक आली 1991 नंतर, आणि ती आली एका मोडीत निघालेल्या उपग्रहावरून. वेस्टार-6 नावाचा अमेरिकी उपग्रह फेब्रुवारी 1984 मध्ये चॅलेंजर यानातून सोडला, पण त्याचं रॉकेट नीट पेटलं नाही आणि तो भलत्याच खालच्या कक्षेत अडकला. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यान गेलं, अंतराळवीरांनी तो अक्षरशः हातांनी धरून मालखान्यात ठेवला आणि ‘विकणे आहे’ अशी पाटी धरून फोटोही काढून घेतला. विमा कंपन्यांच्या ताब्यातला तो माल हाँगकाँगच्या कंपनीने घेतला, दुरुस्त झाला, आणि एप्रिल 1990 मध्ये चिनी रॉकेटवरून एशियासॅट-1 म्हणून पुन्हा वर गेला. स्टार टीव्ही त्यावरूनच उतरला. 2 ऑक्टोबर 1992 ला झी टीव्हीही. गल्लीतल्या केबलवाल्याने गच्चीवर मांडलेली ती आठ-दहा फुटी छत्री या उपग्रहाकडे बघत होती. छत्री त्याची, तारा सगळ्या गल्लीच्या. घराघरावर स्वतंत्र छोटी छत्री यायला 2003-04 साल उजाडलं. तोवर चित्र डिजिटल झालं होतं आणि जिथे पूर्वी उपग्रहातल्या एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे एका प्रसारण-पट्ट्यावर, एक वाहिनी मावायची तिथे डझनभर मावू लागल्या.

लहान छत्री परवडते ती कमी लांबीच्या लहरींमुळेही, आणि त्याची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीवरची लहर साडेसात सेंटिमीटर लांबीची, पावसाला फारशी न जुमानणारी. डीटीएचची अडीच सेंटिमीटरची. टपोऱ्या थेंबांचा पडदा तिला शोषतो आणि विखरून टाकतो. म्हणून जुलैतली जोरदार सर आली की पडद्यावर चौकोन फुटतात आणि मग ‘नो सिग्नल’. नुसतं आभाळ भरून आल्याने तसं होत नाही.

पण छत्री जागची हलत नाही याचं श्रेय तिला किंवा भूमितीलाही पूर्ण देता येत नाही. कागदावरची कक्षा अचूक असते, वरची नसते. चंद्र आणि सूर्य उपग्रहाला सतत ओढत असतात. दुर्लक्ष केलं तर त्याची कक्षा वर्षाला साधारण पाऊण ते एक अंश कलते आणि तो रोज आकाशात उत्तर-दक्षिण हेलकावे घेऊ लागतो. दुसरी ओढ खुद्द पृथ्वीची. विषुववृत्त पुरतं गोल नसल्याने कक्षेतले उपग्रह हळूहळू ठरावीक दोन रेखांशांकडे सरकतात. त्यातला एक पूर्व 75 अंशांच्या आसपास, म्हणजे जवळपास पंढरपूरच्या रेखांशावर! आपल्या भागातला उपग्रह मोकळा सोडला तर तो तिकडेच निघतो. वारकऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

भारतीय उपग्रहांपुरतं ही ओढ मोडून काढायचं काम कर्नाटकात हासन इथल्या आणि भोपाळच्या नियंत्रण केंद्रांत चालतं. तिथली माणसं उपग्रहाची जागा पुन्हा पुन्हा मोजतात आणि ठरलेल्या वेळी त्याचे छोटे थ्रस्टर पेटवतात. त्याने ठरल्या रेखांशापासून अंशाच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहायचं असतं. तो दहावा भाग तिथे सुमारे 75 किलोमीटर होतो. इंधनाचा फार मोठा वाटा सूर्य-चंद्राची ओढ निस्तरण्यातच जातो. उपग्रहाचं आयुष्य यंत्रांवरून मोजतात असं आपल्याला वाटतं; पुष्कळदा यंत्रं धडधाकट असतात आणि टाकी संपते. एप्रिल 1982 मध्ये सुटलेला इन्सॅट-1ए त्याच सप्टेंबरमध्ये गेला तो दिशा सांभाळायचं इंधन संपल्यामुळे. त्याच्या पाठोपाठ, ऑगस्ट 1983 मध्ये गेलेल्या इन्सॅट-1बी ने मात्र देशभरच्या लहान प्रक्षेपण केंद्रांना कार्यक्रम पुरवून दूरदर्शन गावोगाव नेलं.

वर्षातून दोनदा सूर्य आणखी एक खोडी काढतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि पुन्हा सप्टेंबर सरून ऑक्टोबर लागताना, पुण्याच्या गच्चीवरून पाहिलं तर सकाळी अकराच्या आसपास तो नेमका जीसॅट-15 च्या पाठीमागे येतो. सूर्य स्वतःही रेडिओलहरी फेकतो. छत्रीला दोन्ही एकदम दिसतात आणि उपग्रहाची कुजबुज त्या गोंगाटात बुडते. काही दिवस रोज काही मिनिटं हे चालतं. तक्रार करायला फोन लावेपर्यंत चित्र परत आलेलं असतं. विषुवदिनांच्या आगेमागेच मध्यरात्रीच्या सुमारास उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरतो, जास्तीत जास्त 72 मिनिटं. तेवढा वेळ सौरपंख बंद आणि सगळी भिस्त बॅटरीवर. उशिरापर्यंत सिनेमा बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

टाकीतलं शेवटचं इंधन जागा सांभाळण्यासाठी वापरायचं नसतं. ते राखून ठेवून उपग्रहाला आणखी सुमारे तीनशे किलोमीटर वर ढकलतात, टाक्या रिकाम्या करतात, बॅटऱ्या उतरवतात, म्हणजे नंतर स्फोट होऊन तुकडे उडायला नकोत. मोक्याची जागा अडवून ठेवणं परवडणारं नाही. रेखांशांच्या जागा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या नियमांनी वाटलेल्या आहेत. नवा उपग्रह जुना असतानाच शेजारी आणून उभा करतात. 83 अंशांवर असे दोन-तीन एकाच वेळी थोड्या थोड्या अंतराने राहतात आणि छत्रीच्या तीन अंशी नजरेला ते सगळे मिळून एकच दिसतात. मग वाहिन्या एकेक करून जुन्यावरून नव्यावर सरकवतात. गिऱ्हाइकाला फार तर सेटटॉप बॉक्स एकदा बंद करून चालू करावा लागतो. बोल्ट सोडवायला गच्चीवर कुणी चढत नाही.